विश्लेषण : आगीचा फोटो काढावा, पण कुणाचा? न्यूयॉर्कचे ‘वीजी’ कोण होते?

पंढरपुरात मंदिराभोवतीच्या एखाद्या बोळात घराला आग लागली, तर बंबाच्या आधी मोबाइल पोहोचतात. जुनी लाकडी घरे आणि अरुंद वाटा यांमुळे तिथे गाडी आत नेणेच अवघड. त्यात व्हिडिओ काढणाऱ्यांची गर्दी. आगीचे फोटो काढण्याचा हा मोह आजचा नाही. सुमारे 85 वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये एका माणसाने त्यावरच आपले पोट भरले आणि नावही कमावले. जाणून घेऊ त्याच्याविषयी.

कोण होते वीजी?

मूळ नाव उशर फेलिग. जन्म 12 जून 1899, आजच्या युक्रेनमधील झोलोचिव्ह इथे. वयाच्या दहाव्या वर्षी ते कुटुंबासह न्यूयॉर्कला आले आणि उशरचे आर्थर झाले. घरात गरिबी होती. किशोरवयातच शाळा सुटली. रस्त्यावर मुलांना तट्टावर बसवून त्यांचे फोटो काढण्यापासून त्यांनी सुरुवात केली. पुढे 1924 पासून साधारण दशकभर एका वृत्तछायाचित्र संस्थेच्या डार्करूममध्ये त्यांनी इतरांचे फोटो धुतले. 1935 मध्ये नोकरी सोडून ते स्वतंत्र छायाचित्रकार झाले.

आगीची खबर इतक्या लवकर कशी मिळे?

त्यांची खोली पोलीस मुख्यालयाजवळच होती. 1938 मध्ये त्यांना गाडीत पोलिसांचे संदेश ऐकू येणारा रेडिओ बसवण्याची परवानगी मिळाली. गाडीची डिकी म्हणजे फिरते कार्यालयच. त्यात टाइपरायटर, सिगार, खाण्याचे सामान आणि अग्निशमन जवान घालतात तसले बूटही असत. घटना घडताच ते हजर होत. भविष्य सांगणाऱ्या ‘वीजा’ बोर्डावरून त्यांना ‘वीजी’ हे टोपणनाव पडले, असे मानले जाते.

फोटो कसे काढत?

हातात मोठा स्पीड ग्राफिक कॅमेरा आणि फ्लॅशचा बल्ब. प्रत्येक फोटोनंतर बल्ब बदलावा लागे. त्यामुळे आजच्यासारखे धडाधड पन्नास फोटो काढणे शक्यच नव्हते. अंतर साधारण 10 फूट आणि बाकीचे आकडे आधीच ठरवलेले असत. अंधारात, धुरात विचार करायला वेळ नसे. विचार करायचा तो एकाच गोष्टीचा, कॅमेरा कुणाकडे वळवायचा?

कोणता फोटो गाजला?

डिसेंबर 1939 मधला. न्यूयॉर्कमधल्या एका चाळवजा इमारतीला आग लागली होती. रस्त्यावर एक आई आणि तिची मुलगी वर बघत रडत उभ्या होत्या. त्या आईची दुसरी मुलगी आणि नातवंड आत अडकले होते. दोघेही वाचले नाहीत. या चौकटीत ज्वाळा दिसत नाहीत, फक्त दोन चेहरे दिसतात. आग किती मोठी होती, हे त्या चेहऱ्यांवरून कळते. हा फोटो काढताना आपल्यालाही रडू आले, असे वीजींनी नंतर नोंदवले.

मग टीका का झाली?

लोकांच्या दुःखावर ते पैसे कमावतात, हा आक्षेप त्यांच्यावर कायम राहिला. काही फोटो रचलेले होते, हेही पुढे आले. 1943 च्या एका गाजलेल्या फोटोतल्या गरीब बाईला मुद्दाम तिथे आणून उभे केले होते, असे त्यांच्या साहाय्यकाने सांगितले. दुसरीकडे, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांचे फोटो प्रदर्शनात मांडले. 1945 मध्ये ‘नेकेड सिटी’ हे पुस्तक आले. 26 डिसेंबर 1968 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे हजारो फोटो आज न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण केंद्रात जपलेले आहेत.

आज आपल्यासाठी काय?

वीजी हे काम रोजीरोटीसाठी करत. बोळात मोबाइल उंचावून उभ्या असलेल्या बहुतेकांचे तसे नसते. आग दिसली तर आधी 101 किंवा 112 वर फोन करा. बंबाच्या वाटेतली दुचाकी हलवा, पाण्याच्या पाइपवर उभे राहू नका. जवानांचे काम टिपायचेच असेल तर लांबून टिपा. आणि ज्याचे घर जळते आहे त्याचा चेहरा दिसत असेल, तर व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी थांबा. त्याच्या गावाकडच्या नातेवाइकांना ही बातमी तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कळू नये.