अहिल्याबाई होळकर

परळी वैजनाथाच्या पायऱ्या आमच्या बीड जिल्ह्यातील कितीतरी वाचकांनी चढल्या असतील. त्या देवालयाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी करविला. त्यांचे माहेर चौंडी हे आपल्या जिल्ह्याच्या सीमेस लागून असलेल्या जामखेड तालुक्यात आहे, ही गोष्ट मात्र आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या ध्यानात नसते. इंदूरच्या राणीसाहेब या आपल्या शेजारगावच्या पाटलाची लेक होत.

माणकोजी शिंदे यांच्या पोटी ३१ मे १७२५ रोजी त्यांचा जन्म झाला. मुलीच्या हाती लेखणी देण्याची त्या काळी चाल नव्हती. तरी बापाने तिला लिहावाचावयास शिकविले. १७३३ साली मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी तिचा विवाह झाला.

१७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव पडले. अहिल्याबाईंस २९ वे वर्षही पुरे झाले नव्हते. पदरी मालेराव व मुक्ताबाई ही दोन अपत्ये होती. रूढीने सांगितलेला मार्ग एकच होता आणि त्यांनी सती जाण्याची सिद्धता केलीही. परंतु पुत्रशोकाने खचलेल्या मल्हाररावांनी त्यांस कळवळून विनविले, की आता पुत्राच्या ठिकाणी तूच आहेस. ही केवळ शोकाची भाषा नव्हती. महसूल, पत्रव्यवहार, फौजेची रसद अशी एकेक कामे त्यांनी सुनेकडे सोपविली. १७६५ साली सुनेस लिहिलेल्या एका पत्रात तर तोफखान्यासह ग्वाल्हेरीकडे जाण्याविषयी त्यांच्या सूचना आहेत. सासऱ्याने सुनेस लिहावे, आणि विषय तोफांचा! आम्हास या पत्राचे फार कौतुक वाटते.

१७६६ साली मल्हारराव गेले आणि पुढील वर्षी मालेरावही गेले. तेव्हा दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे मूल दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती द्यावा असा आग्रह धरला व राघोबादादांस अनुकूल करून घेतले. विधवेने देवधर्म करावा, राज्य पुरुषांनी पाहावे, हाच त्यातील भाव होता. अहिल्याबाईंनी साफ नकार दिला, शिंद्यांसारख्या सरदारांचे साहाय्य मागितले व लढण्याची तयारी केली. माधवराव पेशव्यांनी त्यांचा हक्क मान्य केला आणि लढाई टळली.

पुढे २८ वर्षे त्यांनी महेश्वरी बसून राज्य केले. विधवेचे शुभ्र वस्त्र त्यांनी टाकले नाही, आणि पडदाही घेतला नाही. दररोज दरबारात बसून त्या रयतेची गाऱ्हाणी स्वतः ऐकत. फौज तुकोजीराव होळकरांकडे दिली. त्यावरून पैशाचे तंटे शेवटपर्यंत चालले, हेही सांगितले पाहिजे. निपुत्रिक सावकारांच्या विधवांनी धन पुढे केले, तर ते खजिन्यात न घेता लोकोपयोगी कामी लावण्यास त्या सांगत. काशी, गया, सोमनाथ, वेरूळ येथील त्यांची देवालये प्रसिद्धच आहेत. आमची परळी त्या वेळी निजामाच्या मुलखात होती. पण दानधर्मास त्यांनी राज्याची सीमा मानली नाही.

येथवरचे चरित्र वाचताना मन प्रसन्न होते. पुढील भाग लिहिताना आमची लेखणी अडखळते. मुक्ताबाईंचा मुलगा ऐन तारुण्यात गेला, आणि १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. जी स्वतः एकदा चितेपासून मागे फिरली होती, त्या आईने लेकीची परोपरीने विनवणी केली. राज्यात जिचा शब्द कोणी मोडीत नसे, तिचा शब्द लेकीने मानला नाही. तुझे दिवस थोडे उरले, तुझ्यामागे मी एकटी कशी जगू, असे मुक्ताबाईंचे म्हणणे होते. आज्ञा करून लेकीस कोंडावे, असे राणीने केले नाही. ते करावयास हवे होते काय? आमच्या घरी यावर वाद होतो आणि तो मिटत नाही. सतीबंदीचा कायदा इंग्रजी मुलखात होण्यास अद्याप ३८ वर्षांचा अवधी होता.

अहिल्याबाई नर्मदातीरी चितेपर्यंत गेल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांस धरून ठेवले होते. पुढे तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, कोणाशी शब्द बोलल्या नाहीत. माल्कम साहेबांनी १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हे सारे नमूद केले आहे. मग त्यांनी लेकीची छत्री बांधावयास घेतली. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरीच त्यांचा अंत झाला.