दोन गावांचे नामदेव

पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचे एक गाव आहे. दरवर्षी जानेवारीच्या मध्यास, कडाक्याच्या थंडीत, तेथे मोठी यात्रा भरते. दूरदूरचे शेतकरी, कारागीर, बायकामुले यात्रेस येतात आणि बाबा नामदेवांच्या मंदिरात मस्तक टेकवितात. बाबा आपल्या गावचे, असे तेथील लहान मूलसुद्धा अभिमानाने सांगते. परंतु हे बाबा मूळचे पंजाबचे नव्हेत. ते आपल्या मराठवाड्याचे होते. दीड हजार किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या लोकांनी एका मराठी माणसाला आपला कसा मानला, हे त्यांच्या चरित्रावरून कळते.

नामदेवांचा जन्म इ. स. १२७० मध्ये झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव नरसी-बामणी. हे गाव आजच्या हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी आहे. वडिलांचे नाव दामाशेटी व आईचे नाव गोणाई. घरी शिंप्याचा व्यवसाय होता. दामाशेटी विठ्ठलाचे एकनिष्ठ भक्त होते व हे कुटुंब पंढरपुरास राहत असे. एकदा वडिलांनी बाळ नामदेवाला नैवेद्य घेऊन देवळात पाठविले. देव खरोखरच जेवतो, अशी त्याची समजूत. मूर्ती हात पुढे करीना, तेव्हा तो रडू लागला आणि हट्ट धरून बसला. शेवटी विठ्ठलाने तो नैवेद्य ग्रहण केला, अशी कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते.

पुढे राजाईशी त्यांचा विवाह झाला, मुलेबाळे झाली. परंतु सुई, दोरा आणि कात्री यांपेक्षा त्यांचे मन टाळ, वीणा आणि कीर्तन यांतच अधिक रमे. चंद्रभागेच्या वाळवंटात ते कीर्तनास उभे राहिले, म्हणजे श्रोते देहभान विसरत. लहान वयातच त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली.

कीर्तीबरोबर थोडा अभिमानही आला असावा. एकदा तेर या गावी संतमंडळी जमली होती. तेथील गोरोबा कुंभार हे वयाने वडील. कोणते मडके पक्के व कोणते कच्चे, हे कुंभार थापटण्याने ठोकून पाहतो. तशीच संतांची परीक्षा घ्यावी, असे मुक्ताबाईने सुचविले. गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारले. बाकीचे शांत बसले. नामदेव मात्र रागावले. तेव्हा हे मडके अद्याप कच्चे आहे, असा निर्णय गोरोबांनी दिला. नामदेवांना अपमान वाटला, पण विचार करता त्यातील सत्यही पटले. ते औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांचे शिष्य झाले. हजारो श्रोते ज्यांच्यासमोर माना डोलवीत, ते नामदेव पुन्हा विद्यार्थी झाले. मोठेपणी पुन्हा विद्यार्थी होण्याचा हा गुण त्यांना पुढे फार उपयोगी पडला.

ज्ञानेश्वर आणि नामदेव यांची मैत्री सर्वश्रुत आहे. दोघांनी मिळून तीर्थयात्रा केली. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली. त्या वियोगाचे दुःख नामदेवांनी आपल्या अभंगांत ओतले आहे. पुढे भागवत धर्माचा संदेश घेऊन ते उत्तरेकडे निघाले. नद्या, डोंगर आणि अनेक राज्ये ओलांडीत ते पंजाबात पोहोचले आणि घुमानच्या परिसरात त्यांनी वास्तव्य केले. तेथे ते सुमारे वीस वर्षे राहिले, असे परंपरा सांगते.

आता त्या प्रसंगाची कल्पना करा. अंगावर काटा आणणारी थंडी, गव्हाची अफाट शेते, निराळा पोशाख, निराळे अन्न! सर्वांत मोठी अडचण म्हणजे निराळी भाषा. पंढरपुरात ज्यांचे अभंग ऐकून लोकांच्या डोळ्यांत पाणी येई, त्यांचे शब्द येथे कोणाला समजणार? ज्याचे सारे सामर्थ्य वाणीत, तो परमुलखात मुका झाल्यासारखाच.

अशा वेळी माणसापुढे तीन मार्ग असतात. माघारी फिरावे, हा एक. आपल्यासारख्या चार जणांना जवळ करून त्यांच्यातच राहावे, हा दुसरा. तिसरा मार्ग अवघड आहे. आपली विद्वत्ता क्षणभर बाजूला ठेवून लहान मुलासारखे नवे बोल गिरवावेत, चुकावे, लोक हसले तर आपणही हसावे आणि पुन्हा बोलावे. नामदेवांनी हा तिसरा मार्ग धरला. विसोबांपुढे नम्र झालेले त्यांचे मन घुमानच्या शेतकऱ्यांपुढेही नम्र झाले.

नवी भाषा दुरून जितकी परकी वाटते, तितकी ती जवळ गेल्यावर वाटत नाही. पंजाबी लोक पाण्याला पाणीच म्हणतात. आपल्या हाताला ते हत्थ म्हणतात, साताला सत्त आणि आठाला अट्ठ. डोळ्याला मात्र अक्ख म्हणतात. तो शब्द नव्याने शिकावा लागतो. दोन्ही भाषा एकाच कुळातील बहिणी आहेत. ज्याने मायबोली मनापासून जाणली आहे, त्याला तिच्या बहिणीची ओळख पटावयास वेळ लागत नाही.

नामदेवांनी उत्तरेच्या भाषेत पदे रचिली आणि ती लोकांच्या ओठांवर रुळली. विशेष हे की, तेथे जाऊन ते आपले मूळ विसरले नाहीत. त्या पदांतून विठ्ठल बीठल होऊन भेटतो. काही क्रियापदांना मराठीचे वळण आहे. आपण शिंपी आहोत, हेही त्यांनी त्या लोकांपासून लपविले नाही. एका पदात ते देवाला वाटीभर दूध पिण्याची विनवणी करतात. ते ऐकताना आपल्याला पंढरपुरातील त्या हट्टी बालकाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पंजाबात त्यांना बहोरदासांसारखे शिष्य लाभले. जो पाहुणा म्हणून आला होता, तो त्या लोकांचा बाबा झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. नामदेवांवर कोणी सक्ती केली नव्हती. सक्तीने काय होते, ते मराठवाड्याने अनुभविले आहे. निजामाच्या राजवटीत उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती. मराठी, तेलुगू व कानडी मुलांना वरच्या वर्गांचे शिक्षण प्रायः उर्दूतूनच घ्यावे लागे. आपल्याच गावात राहून आपलीच भाषा शाळेच्या दाराबाहेर ठेवावी लागे. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यानंतर ही स्थिती पालटली. यात उर्दूचा काहीही दोष नव्हता. ती एक गोड आणि संपन्न भाषा आहे. दोष होता तो एकाची भाषा काढून घेऊन दुसऱ्याची लादण्याचा. म्हणून जो दुसऱ्या मुलखात जातो, त्याने तेथील भाषा अवश्य शिकावी. परंतु ती त्याने प्रेमाने शिकावी आणि तेथील लोकांनीही त्याला प्रेमाने शिकवावी. नवख्याच्या चुकांना जेथे लोक कुत्सितपणे हसतात, तेथे त्याची जीभ उचलत नाही. घुमानच्या लोकांनी नामदेवांना हसून परत पाठविले असते, तर पंजाब एका थोर संताला मुकला असता.

नामदेवांनंतर अडीचशेहून अधिक वर्षे लोटली. १६०४ मध्ये शिखांचे पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात त्यांनी गुरूंच्या वाणीबरोबर कबीर, रविदास, शेख फरीद यांच्याही रचना घेतल्या. नामदेवांची ६१ पदे त्यात समाविष्ट आहेत. पुढे १७०८ मध्ये दहावे गुरू गोविंदसिंग गोदावरीकाठी नांदेड येथे आले. आपल्यामागे हा ग्रंथच गुरू मानावा, असे त्यांनी तेथे सांगितले. हजूर साहिब हे पवित्र स्थान त्यांच्या स्मृतीने पावन झाले आहे. तेथे गुरू ग्रंथसाहिबाचा पाठ होतो, तेव्हा त्यात नामदेवांची वाणीही असते. कयाधूच्या काठचा शब्द पंजाबात गेला, तेथल्या भाषेत न्हाऊन निघाला आणि चार शतकांनी गोदावरीच्या काठी परत आला!

गुरूंच्या मागोमाग नांदेडात शीख कुटुंबे स्थायिक झाली. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेले हे बांधव बाजारात सफाईने मराठी बोलतात व गुरुद्वारात पंजाबीत प्रार्थना म्हणतात. त्यांचे मराठी ऐकून आपल्याला जो आनंद होतो, तोच आनंद नामदेवांचे बोल ऐकून घुमानकरांना झाला असेल.

१३५० मध्ये नामदेवांनी पंढरपुरास विठ्ठलमंदिराच्या महाद्वारी समाधी घेतली, असे वारकरी मानतात. ती नामदेवांची पायरी आजही तेथे आहे. भक्तांच्या चरणांची धूळ आपल्यावर पडावी, ही त्यांची इच्छा होती. पंजाबातील भाविक मात्र बाबांनी घुमान येथेच देह ठेवला, असे श्रद्धेने सांगतात. दोन गावांनी एका माणसावर हक्क सांगावा, याहून मोठा मान कोणता? २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८८ वे अधिवेशन घुमान येथे भरले. महाराष्ट्रातून गेलेल्या हजारो मराठी माणसांचे गावकऱ्यांनी घरच्यासारखे स्वागत केले.

मुलांनो, आपल्या मुखेड-देगलूरच्या भागात मराठीबरोबर तेलुगू, कानडी आणि उर्दूही कानांवर पडते. तुमच्या वर्गात एखादा मुलगा घरी निराळी भाषा बोलत असेल. त्याचे मराठी अडखळले, तर त्याला हसू नका, शब्द सुचवा. आणि आपल्याकडील कितीतरी कुटुंबे कामासाठी हैदराबादला किंवा कर्नाटकात जातात. उद्या तुमच्यावर तशी वेळ आली, तर तेथील भाषा शिकण्यात कमीपणा मानू नका. आपली मराठी जपून बरोबर न्या आणि तेथले दोन शब्द पहिल्याच दिवशी शिका. नरसीच्या नामदेवांनी सातशे वर्षांपूर्वी हेच केले.