अणूचा हिशेब मांडणारे मास्तर : जॉन डाल्टन

बालमित्रांनो, सर्व पदार्थ अणूंचे बनलेले असतात हे आपण विज्ञानाच्या पुस्तकात वाचतो. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या या अणूचा हिशेब मांडला कुणी? एका खेड्यातल्या मास्तरांनी!

जॉन डाल्टन यांचा जन्म १७६६ साली इंग्लंडमधील ईगल्सफील्ड या खेड्यात झाला. वडील हातमागावर कापड विणत. घरची गरिबीच होती. अवघ्या १२ व्या वर्षी जॉन गावच्या शाळेत शिकवू लागला. मधे काही दिवस शेतातही राबला. त्याचे घराणे क्वेकर पंथाचे, म्हणून ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे त्याला बंद होती. पण शिकायचे तो थांबला नाही. १७९३ साली डाल्टन मँचेस्टरला गेले. पुढे शिकवण्या घेऊनच त्यांनी पोट भरले.

त्यांना लाल आणि हिरवा रंग नीट वेगळे ओळखता येत नसत. पण त्याची लाज न बाळगता त्यांनी १७९४ साली त्यावर निबंध वाचला.

आता त्यांचा मोठा शोध बघा. कार्बन आणि ऑक्सिजन मिळून दोन वायू होतात. १२ ग्रॅम कार्बनबरोबर कार्बन मोनॉक्साइडमध्ये १६ ग्रॅम ऑक्सिजन असतो, तर कार्बन डायऑक्साइडमध्ये ३२ ग्रॅम. म्हणजे बरोबर दुप्पट! २० नाही की २७ नाही. असे का? आपण जोंधळ्याचे दाणे एक, दोन, तीन असे मोजतो, दीड दाणा कुणी पेरत नाही. तसेच अणूसुद्धा अख्खेच जोडले जातात. पहिल्या वायूत कार्बनच्या एका अणूला ऑक्सिजनचा एक अणू, दुसऱ्यात दोन. असा विचार डाल्टन यांनी १८०८ साली आपल्या ग्रंथात मांडला. एका मूलद्रव्याचे सगळे अणू सारख्या वजनाचे, आणि अणू फुटत नाही, असेही त्यांनी सांगितले.

त्यातले सगळेच खरे ठरले नाही. पाण्यात हायड्रोजनचा एकच अणू त्यांनी धरला होता, असतात दोन. १८९७ साली थॉमसन यांना अणूच्या आतला इलेक्ट्रॉन सापडला. तरी पाया डाल्टन यांचाच.

१७८७ पासून ते रोज हवामानाची नोंद वहीत करीत. शेवटची नोंद २६ जुलै १८४४ ची. दुसऱ्या दिवशी ते वारले. आपले डोळे मरणानंतर तपासावेत, असे त्यांनी सांगून ठेवले होते. जपून ठेवलेल्या डोळ्याची तपासणी १९९५ साली पुन्हा झाली, तेव्हा त्यांच्या रंगांधळेपणाचे खरे कारण कळले. हा दोष जन्मतःच होता!

म्हणून मित्रांनो, वर्गात कुणी हिरव्या खडूऐवजी लाल खडू उचलला तर हसू नका. आणि पालकांनो, घरी पोराचा असा घोटाळा होत असेल तर रागावू नका, त्याचे डोळे तपासून घ्या. शिकणे काही त्याच्यावाचून अडत नाही.