बाबासाहेब, मताचा अधिकार आणि यादीतले आपले नाव

आमच्या वस्तीतल्या विहारात मतदार नोंदणीसाठी टेबल मांडले की तरुण मुले-मुली जमतात. जयंतीच्या मिरवणुकीत, 6 डिसेंबरच्या पाणीवाटपात सर्वांत पुढे असणारी हीच पोरे. पण फॉर्म नंबर 6 भरलास का, असे विचारले की बरेच जण हसून विषय बदलतात. एका मताने काय फरक पडतो, हे उत्तर ठरलेले. त्यांना मी बाबासाहेबांचे चरित्र सांगते, पण नेहमीचे नाही. मताच्या अंगाने.

जानेवारी 1919. भीमराव आंबेडकर तेव्हा 27 वर्षांचे होते. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू होऊन त्यांना जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. लंडनचे शिक्षण अर्धवट राहिले होते आणि परत जाण्यासाठी पैसे साठवणे चालू होते. मताधिकार कुणाला द्यायचा, हे ठरवण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीपुढे या तरुणाने साक्ष दिली. त्या काळी मत म्हणजे जमीन, कर किंवा शिक्षण असणाऱ्यांची मिरासदारी होती. ज्यांना जातीनेच जमीन आणि शाळा नाकारली, त्यांच्याकडे त्याच गोष्टींचा पुरावा मागणे हा अन्याय आहे, असे त्यांनी मांडले. अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणा आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांनाच निवडू द्या, अशी त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. पुढे ते स्वतः मुंबईच्या कायदेमंडळात गेले तेही निवडून नव्हे, तर सरकारी नेमणुकीने.

महाडचा सत्याग्रह झाला 1927 मध्ये. दुसऱ्याच वर्षी सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला, म्हणजे प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुषाला मत. अडाणी माणसाला मताचे काय कळणार, हा आक्षेप तेव्हा मोठमोठे लोक घेत. बाबासाहेबांना तो पटत नव्हता. अक्षर न आले तरी आपले हित माणसाला कळते, अशी त्यांची भूमिका होती. गोलमेज परिषदेतही ते हाच आग्रह घेऊन गेले.

1932 च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. गांधीजींच्या उपोषणानंतर 24 सप्टेंबर 1932 रोजी पुणे करार झाला. राखीव जागा 71 वरून 148 झाल्या, पण मतदारसंघ संयुक्त राहिले. जागा राखीव असली तरी तिथे कोण निवडून येणार हे यादीतले सगळे मतदार ठरवतात, ही गोष्ट बाबासाहेबांना पुढे आयुष्यभर सलत राहिली.

1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1937 च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात उभे केलेले त्यांचे बहुतेक उमेदवार निवडून आले. त्याच वर्षी त्यांनी खोती पद्धत बंद करण्याचे विधेयक मांडले आणि कोकणातल्या कुळांचा प्रश्न सभागृहात नेला.

संविधान सभेत कलम 326 ने प्रौढ मताधिकार मान्य झाला. वयाची अट 21 वर्षे होती. ती 18 वर आली 1989 मध्ये. पण आपल्या मुलांना मी आवर्जून सांगते ती गोष्ट जून 1949 ची आहे. काही प्रांतांत वंशाने, भाषेने किंवा संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांची नावे मतदार यादीतून वगळली जात असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. बाबासाहेबांनी त्या सभेपुढे ठेवल्या आणि प्रांत सरकारांच्या हाती यादी न ठेवता सगळ्या देशासाठी एकच स्वतंत्र निवडणूक आयोग असावा, अशी दुरुस्ती आणली. कागदावर हक्क असला तरी यादीत नाव नसेल तर तो हक्क फुकट जातो, हे त्यांनी पहिली निवडणूक होण्याआधीच ओळखले होते.

आणि तसे घडलेही. पहिल्या यादीच्या वेळी अनेक बायकांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले. अशा सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली.

1951-52 च्या त्या निवडणुकीत बाबासाहेब उत्तर मुंबईतून उभे राहिले आणि काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरले. मतदारसंघ दुहेरी होता. प्रत्येकाला दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. तिथे 70 हजारांहून अधिक मते बाद झाली. त्याविरुद्ध अशोक मेहतांसह त्यांनी दाखल केलेला अर्ज फेटाळला गेला. 1954 मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूकही ते हरले. ज्यांनी देशाला मताचा हक्क लिहून दिला, त्यांना लोकसभेत जाता आले नाही.

तरी ते रुसून बसले नाहीत. राज्यसभेत गेले, बोलत राहिले. 1956 मध्ये, प्रकृती ढासळलेली असताना, त्यांनी मुंबईत तरुणांना राजकारणाचे शिक्षण देणारी शाळा सुरू केली. विद्यार्थी मोजकेच होते. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. मत मोजून निर्णय घेण्याची रीत या देशात नवी नाही, भिक्खू संघात शलाका वाटून मत घेतले जाई, याची आठवण त्यांनी संविधान सभेतही करून दिली होती. 6 डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. राजकारणाची ती शाळाही फार काळ टिकली नाही.

ती शाळा आता आपल्यालाच चालवायची आहे आणि तिचा पहिला धडा एका फॉर्मचा आहे. वय 17 पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर या चारपैकी ज्या तारखेला 18 पूर्ण झालेले असतील, त्यानुसार नाव लागते. घर बदलले असेल तर फॉर्म 8 भरा. खिशात ओळखपत्र आहे म्हणून निर्धास्त राहू नका, यादी उघडून नाव पाहा. स्वतःचे पाहा, आईचे पाहा, लग्न होऊन आलेल्या वहिनीचे पाहा, कामासाठी शहरात आलेल्या शेजाऱ्याचे पाहा. मत कुणाला द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. पण यादीत नावच नसेल तर ठरवायला काही उरत नाही.

येत्या रविवारी विहारात टेबल मांडलेले असेल. वंदना झाली की दहा मिनिटे थांबा.

जय भीम! नमो बुद्धाय!