शुश्रूषेची शाळा काढणाऱ्या रमाबाई

गेल्या पावसाळ्यात आमच्या कुडाळात शेजारच्या आजी न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मुलगे मुंबईत, सून एकटी. म्हणून दिवसभरासाठी एक बाई ठेवली. बाई मायाळू हो, पण पंधरा दिवसांत आजींच्या पाठीला जखमा झाल्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची असते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. खरं तर आम्हालाही कुठे ठाऊक होतं? सेवा काय, बाईच्या जातीला उपजतच येते, असं आपण धरून चालतो.

रमाबाई रानडे मात्र तसं धरून चालल्या नाहीत.

त्यांचा जन्म १८६२ चा, देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरी. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. नवऱ्याने शिकवायला घेतलं आणि घरातल्या बायकांचे टोमणे सुरू झाले. ते सोसून त्या इंग्रजीसुद्धा शिकल्या. १९०१ मध्ये रानडे गेले. वर्षभर रमाबाई घराबाहेर पडल्या नाहीत. मग हळूहळू येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या, इस्पितळातल्या रोग्यांची विचारपूस करू लागल्या.

१९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. गोपाळ कृष्ण देवधर सोबतीला होते. शिवण, लिहिणं-वाचणं हे तर होतंच. पण रमाबाईंचं धाडस दिसतं ते वेगळ्याच ठिकाणी. सेवासदनच्या मुलींना त्यांनी ससून इस्पितळात नर्सिंग शिकायला पाठवलं. त्यांत विधवाही होत्या. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची! ज्या बाईने चारचौघांत तोंडही दाखवू नये असा दंडक, तिने हे करायचं म्हणजे लोकांच्या दृष्टीने आक्रीतच. मला वाटतं, त्या मुलींना घराबाहेर काढण्यापेक्षा हे काम हलकं नाही, हे पटवणं जास्त कठीण गेलं असेल.

सेवासदनच्या एका बक्षीस समारंभात केशवपन केलेली एक विधवा व्यासपीठावर आली, तेव्हा वर बसलेल्या विद्यार्थ्यांनी तिची टर उडवली. रमाबाई गप्प बसल्या नाहीत. भर सभेत त्यांनी त्या शिकलेल्या पोरांची कानउघाडणी केली.

१९२४ मध्ये जाईपर्यंत सेवासदनच्या अध्यक्षा त्याच होत्या.

आमच्या आजींकडे मग एका निवृत्त नर्सताईंना बोलावलं. कूस कशी वळवायची, उशी कुठे ठेवायची, चादरीला सुरकुती का नको, हे त्यांनी बाईला आणि सुनेला करून दाखवलं. जखम भरायला दोन महिने लागले. आता ती बाई घड्याळ बघून कूस बदलते, आणि मी गप्पा मारत बसले तर मलाच उठवते.