देवयानीचे छायाचित्र घेणारे कंत्राटदार

भाद्रपदांचा चौकोन ओळखता आला, की त्याच्या ईशान्येस देवयानीतील पांढुरका डाग अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. हा डाग पाहताना मला आयझॅक रॉबर्ट्‌स आठवतात. ते कोठल्या विद्यापीठाचे पंडित नव्हते, की वेधशाळेचे पगारी नोकरही नव्हते. इमारती बांधणारे कंत्राटदार होते!

१८२९ साली वेल्समध्ये जन्मलेल्या या गृहस्थांनी लिव्हरपूलला बांधकामाच्या धंद्यात उमेदवारी केली आणि तेथेच पैसा मिळवला. आकाशाची हौस जडली ती पन्नाशीच्या सुमारास. १८८५ साली त्यांनी डब्लिनच्या ग्रब यांच्याकडून वीस इंची आरशाची दुर्बीण करवून घेतली. काच थेट मुख्य आरशाच्या नाभीशी बसवली. दुसरा आरसा मध्ये घातला असता तर तेवढा प्रकाश वाया गेला असता. हिशेबी माणसाचा हा हिशेब मला फार आवडतो.

पृथ्वी फिरते, म्हणून दुर्बीणही घड्याळाच्या यंत्राने फिरवावी लागते. पण यंत्रावर भिस्त ठेवून भागत नाही. शेजारी जोडलेल्या लहान दुर्बिणीतून एका ताऱ्यावर सतत नजर ठेवायची. तो जरा सरकला की तारे काचेवर लांबट उमटणार. १८८८ च्या २९ डिसेंबरला, ऐन थंडीत, लिव्हरपूलजवळच्या मगल गावी सुमारे चार तास हे चालले होते.

त्या काचेने जुना घोळ मिटवला. जाणत्या निरीक्षकांना देवयानीत दोन सरळ काळ्या रेघा दिसत. छायाचित्रात त्या मधल्या तेजाभोवती वळसे घालणाऱ्या पट्ट्यांतील फटी ठरल्या. रॉबर्ट्‌स यांना मात्र वाटले, की ही आपल्यासारखी एखादी सूर्यमाला घडते आहे. त्यात त्यांचा दोष कोणता? अंतर मोजण्याचे साधनच तेव्हा नव्हते.

१८९५ साली रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. १९०१ साली, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी डोरोथिया क्लुम्पके या ज्योतिर्विदुषीशी विवाह केला. तीनच वर्षांनी ते वारले. १९२३ साली हबल यांना देवयानीत एक रूपविकारी तारा सापडला आणि तो डाग म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरचे स्वतंत्र ताराविश्व ठरले. आज त्याचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे धरतात. डोरोथियाबाईंनी ही बातमी ऐकली. पतीच्या काचांवर त्या तेव्हाही काम करीत होत्या.