एमिल द्यू ब्वा-रेमाँ

एमिल द्यू ब्वा-रेमाँ (जन्म : बर्लिन, ७ नोव्हेंबर १८१८, मृत्यू : बर्लिन, २६ डिसेंबर १८९६) हे जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. सजीवांच्या शरीरातील विद्युत प्रवाहांचे पद्धतशीर मापन करणाऱ्या आरंभीच्या शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. त्वचेवरील जखमेतून विद्युत प्रवाह वाहतो, हे त्यांनी स्वतःच्या बोटावर मोजून दाखविले.

जीवन

त्यांचे वडील स्वित्झर्लंडमधील नशातेल येथील, तर आई बर्लिनमधील फ्रेंच ह्यूगनॉट कुटुंबातील होती. बर्लिन विद्यापीठात त्यांनी योहानेस म्युलर यांच्याकडे शिक्षण घेतले. १८४१ मध्ये म्युलर यांनी इटालियन शास्त्रज्ञ कार्लो मातेउच्ची यांचा प्राणिज विजेवरील निबंध त्यांच्याकडे अभ्यासासाठी सोपविला. हाच विषय त्यांनी आयुष्यभर हाताळला. १८५८ मध्ये म्युलर यांच्या निधनानंतर ते बर्लिन येथे शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक झाले.

संशोधन

सजीवांत एखादी खास जीवनशक्ती असते, असे मत त्या काळी प्रचलित होते. द्यू ब्वा-रेमाँ आणि त्यांचे सहकारी हेल्महोल्ट्झ व ब्रुके यांना ते मान्य नव्हते. शरीरातील घडामोडींचा उलगडा भौतिकी व रसायनशास्त्राच्या नियमांनीच झाला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी अतिशय क्षीण प्रवाह मोजणे आवश्यक होते. द्यू ब्वा-रेमाँ यांनी तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असलेला संवेदनशील गॅल्व्हानोमीटर तयार केला. प्राणिज विजेवरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १८४८ मध्ये प्रसिद्ध झाला. उद्दीपित मज्जातंतूत त्यांना आढळलेला विद्युत बदल आज क्रिया विभव या नावाने ओळखला जातो. विद्युत माशांवरही त्यांनी दीर्घकाळ संशोधन केले.

जखमेतील प्रवाह

बोटाला जखम करून त्यांनी मोजलेला प्रवाह अँपिअरच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतका होता. त्याचे कारण पुढे स्पष्ट झाले. त्वचेच्या पेशी सोडियमचे आयन सतत आतील बाजूस नेतात. त्यामुळे अखंड त्वचेच्या आत व बाहेर काही दशक मिलिव्होल्टचे विभवांतर टिकून राहते. त्वचा फाटली की तेथील रोध नाहीसा होतो आणि प्रवाह जखमेवाटे बाहेर पडतो. परिणामी जखमेच्या कडेला, जखमेच्या मध्याकडे रोख असलेले विद्युत क्षेत्र निर्माण होते.

मतभेद

स्नायू व मज्जातंतू यांत विद्युतभारित कणांच्या रांगा जन्मतःच असतात, असा सिद्धांत द्यू ब्वा-रेमाँ यांनी मांडला. त्यांचेच विद्यार्थी लुडिमार हेर्मान यांनी त्याला विरोध केला. अक्षत स्नायूत असा प्रवाह नसतो, तो इजेमुळे उत्पन्न होतो, असे हेर्मान यांचे प्रतिपादन होते. हा वाद अनेक वर्षे चालला. १९०२ मध्ये दुसरे विद्यार्थी युलियुस बर्नश्टाइन यांनी पेशीपटलाचा सिद्धांत मांडला. विभवांतर इजेपूर्वीही असते, पण ते पेशीपटलाच्या दोन बाजूंत असते आणि इजा झाल्यावर त्यातून प्रवाह वाहू लागतो, असे त्यातून दिसून आले. द्यू ब्वा-रेमाँ यांची कणांची कल्पना मागे पडली. मापने मात्र ग्राह्य राहिली.

नंतरचा प्रभाव

जखमेतील प्रवाह हा केवळ इजेचा परिणाम आहे की तो जखम भरण्यास मदत करतो, हा प्रश्न दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याकडे पुन्हा लक्ष गेले. १९८२ मध्ये गिनिपिगच्या त्वचेतील जखमांजवळचे विद्युत क्षेत्र मोजण्यात आले. २००६ मध्ये मिन झाओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, अशा क्षेत्रात पेशी जखमेच्या दिशेने सरकतात आणि क्षेत्राची दिशा उलटविल्यास त्याही उलट दिशेने जातात. या प्रतिसादात सहभागी असलेली जनुकेही त्यांनी ओळखली. दीर्घकाळ न भरणाऱ्या जखमांवर विद्युत उद्दीपनाचा उपचार करण्याविषयीचे संशोधन याच ज्ञानाशी निगडित आहे.